फ्लूच्या तापात आजोबांना पॅरासिटामॉल की आयब्युप्रोफेन?

चोपडा-यावलकडे सर्दी-तापाची साथ आली की मेडिकलवरून ‘अंगदुखीची गोळी’ येते. घरातले सत्तरीचे आजोबा ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन अशा रक्त पातळ करणाऱ्या औषधावर असतील, तर ही निवड जपून करा.

रक्तस्रावाचं बघा. आयब्युप्रोफेन प्लेटलेट्सना (रक्ताची गुठळी बांधणाऱ्या पेशींना) एकमेकींना चिकटू देत नाही आणि जठराचं अस्तरही दुखावतं, म्हणजे धोका दोन्हीकडून. पॅरासिटामॉलचं तसं नाही. मात्र वॉरफेरिनसोबत रोज 2 ग्रॅम सलग काही दिवस घेतलं तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा; वाढला की रक्तस्रावाचा धोका) वाढू शकतो. 3 ते 5 दिवसांत तपासून घ्या.

किडनीलाही आयब्युप्रोफेन जड, त्यात तापात पाणी कमी जातं. अंगदुखीला ते थोडं सरस, एवढंच.

गोळ्यांच्या पट्टीची मागची बाजू वाचाच: बऱ्याच गोळ्यांत दोन्ही औषधं एकत्र असतात. शौच डांबरासारखी काळी झाली (लोहाच्या गोळ्यांनीही होते) किंवा नाकातलं रक्त 15 मिनिटं दाबूनही थांबलं नाही, तर थेट दवाखाना.

रक्त पातळ करणारं औषध, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल त्यांना पॅरासिटामॉल: 500 मिग्रॅ, 6 तासांच्या अंतराने, दिवसाला 4 गोळ्यांपर्यंत, लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. आयब्युप्रोफेन यांपैकी काहीच नसलेल्या धडधाकट तरुणांना, तेही जेवणानंतर.