पंप स्टार्टरचं एकच फर्मवेअर, चार प्लॅटफॉर्म: काही महिन्यांच्या वापरानंतर

शेतीपंपासाठी मोबाईलवरून चालणारा ऑटो स्टार्टर हे आमच्या छोट्या युनिटचं मुख्य उत्पादन. तिन्ही फेज आल्या का, त्यांचा क्रम बरोबर आहे का, विहीर आटून मोटर कोरडी फिरतेय का, हे तपासायचं, कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) ओढायचा किंवा सोडायचा आणि फोरजी मॉड्यूलवरून मालकाला कळवायचं. आत एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी३२ चिप आणि तिच्यावर आमचं फर्मवेअर, म्हणजे डबा चालवणारा प्रोग्राम. रात्री दोनला लाइट आली तरी बॅटरी घेऊन शिवारात जावं लागू नये म्हणून लोक हा डबा घेतात. एकदा स्टार्टरच्या पेटीत बसला की तो मोटरइतकाच टिकावा, अशी त्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे.

हार्डवेअर तेवढं टिकतं. प्रश्न कोडचा असतो. पाच वर्षांनी सर्व्हरचं प्रमाणपत्र बदललं किंवा मॉड्यूल बदलावं लागलं, की त्याच डब्यासाठी नवं बिल्ड (कोडवरून तयार केलेलं फर्मवेअर) काढावं लागणार. त्या दिवशी आजची टूलचेन (कोडचं फर्मवेअर करणारी साधनं), आजच्या लायब्ररी, आजचा कोअर (आर्डुइनोचा कोड त्या चिपवर चालवणारा थर) जागेवर असेल का? एवढ्या एका प्रश्नासाठी हेच फर्मवेअर गेले काही महिने आर्डुइनो (सोपे बोर्ड आणि त्यांचं सॉफ्टवेअर), प्लॅटफॉर्मआयओ (बिल्ड सांभाळणारं साधन), ईएसपी-आयडीएफ (एस्प्रेसिफचा स्वतःचा विकास-संच) आणि झेफिर (छोट्या चिपसाठीची खुली ऑपरेटिंग सिस्टीम) अशा चार ठिकाणी चालवून पाहिलं. वेग, रॅम, वीज यांच्या तुलना यूट्यूबवर ढिगानं आहेत. त्या इथे मिळणार नाहीत.

सुरुवात आर्डुइनोपासून, कारण सगळ्यांची तिथूनच होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉमनं आर्डुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं, त्याच वेळी ऊनो क्यू बोर्ड आला: एका बाजूला लिनक्स चालवणारा ड्रॅगनविंग प्रोसेसर, दुसऱ्या बाजूला एसटी कंपनीची एसटीएम३२ चिप. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, ‘आता आर्डुइनोचं काय होणार?’ माझ्या मते ईएसपी३२ वापरणाऱ्यानं हा प्रश्न वेगळा विचारायला हवा. ईएसपी३२ चा आर्डुइनो कोअर आर्डुइनो कंपनी सांभाळत नाही, तो एस्प्रेसिफ सांभाळते. एसटीएम३२ चा कोअर एसटीकडे आहे, आणि रास्पबेरी पाय पिको बोर्डसाठी बहुतेक जण जो कोअर वापरतात तो स्वतंत्रपणे चालणारा आहे. ‘आम्ही आर्डुइनोवर काम करतो’ असं म्हणणाऱ्या दहा जणांचे मालक प्रत्यक्षात चार-पाच वेगवेगळे असतात. इटलीतल्या इव्हरेआत २००५ मध्ये सुरू झालेली ही गोष्ट २०१५ च्या सुमारास दोन कंपन्यांच्या नावावरच्या भांडणात अडकली होती, अमेरिकेबाहेर ‘जेन्युइनो’ नावाचे बोर्ड निघाले होते, आणि २०१६ मध्ये समेट झाला. त्या सगळ्या काळात लोकांची स्केचेस (आर्डुइनोचे प्रोग्राम) चालतच राहिली. मुक्त परवान्याचा कोअर कुणी उचलून नेऊ शकत नाही. त्यामुळे या खरेदीनं माझी झोप उडालेली नाही.

माझं लक्ष वेधलं ते कोअरच्या आवृत्तीनं. मे २०२४ मध्ये ईएसपी३२ चा आर्डुइनो कोअर ३.० आला. पीडब्ल्यूएमसाठी (पिन झपाट्यानं चालू-बंद करून आउटपुट कमी-जास्त करणं) आधी चॅनल ठरवून मग त्याला पिन जोडायची जुनी पद्धत त्यात काढून टाकली. आता एकाच कॉलमध्ये थेट पिन द्यायची. हार्डवेअर टाइमरला पूर्वी डिव्हायडर द्यायचो, आता सरळ फ्रिक्वेन्सी द्यायची. दोन्ही बदल शहाणपणाचे आहेत आणि बदलांची नीट यादीही दिलेली आहे. पण सीटीवरून (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) करंटचे नमुने घेणारा आमचा टाइमर आणि बझर, दोन्ही त्या यादीत. मुख्य आवृत्ती बदलली की जुना कोड आहे तसा बिल्ड होत नाही, हे एकदा कळलं की पुढचं सगळं त्यावर ठरवता येतं.

आणि इथेच प्लॅटफॉर्मआयओचा विषय येतो. साधन म्हणून मला हे चारांत सगळ्यात आवडलं. एका छोट्या फाइलमध्ये बोर्ड, कोअरची आवृत्ती, प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती लिहून ठेवली की नव्या मुलाच्या लॅपटॉपवरही तेच बिल्ड निघतं. ‘माझ्या मशीनवर चालतंय, सर’ हे वाक्य ऑफिसातून हद्दपार झालं, एवढ्यावरच मी पाच तारे दिले असते.

पण एस्प्रेसिफ आणि प्लॅटफॉर्मआयओ यांच्यातलं सहकार्य थांबलं, आणि प्लॅटफॉर्मआयओचा अधिकृत ईएसपी३२ विभाग आर्डुइनोच्या बाबतीत २.०.१७ या कोअरवरच राहिला. तो कोअर उभा आहे आयडीएफ ४.४ वर, आणि ४.४ चा आधार जुलै २०२४ मध्येच संपला. ईएसपी३२ कुटुंबातल्या सी६, एच२, पी४ या नव्या चिप आर्डुइनो पद्धतीनं वापरायच्या तर तिथे वाट नाही. मग समुदायानं पायोआर्डुइनो नावाची वेगळी शाखा काढली. तिच्यात कोअर ३ चालतो, फाइलमध्ये एक ओळ बदलली की काम होतं, आणि मी वापरली त्या काळात तिनं चोख काम दिलं. तिचा मुख्य भार मात्र मोजक्या लोकांच्या खांद्यावर आहे. चिप बनवणारा, साधन बनवणारा आणि मधला दुवा सांभाळणारा असे तिघं वेगवेगळे असले, की तिघांपैकी कुणीही दुष्ट नसताना आपला प्रोजेक्ट मधल्यामध्ये लटकू शकतो. छंदासाठी हे चालून जातं. विहिरीवर बसणाऱ्या डब्यासाठी मी ते धरत नाही.

ईएसपी-आयडीएफकडे मी बराच काळ ‘अवघड आहे’ म्हणून बघणाऱ्यांपैकी नव्हतो, पण आमची मुलं होती. सीमेक (बिल्डचं साधन), मेन्यूकॉन्फिग (सेटिंग निवडायचा मेन्यू), घटकांची उतरंड, लॉगमध्ये भरणारा पडदा. दोन-तीन आठवड्यांत सवय झाली. खरी गोष्ट वेगळी आहे: एस्प्रेसिफ मुदत लिहून देते. आयडीएफची प्रत्येक आवृत्ती प्रसिद्ध झाल्यापासून ३० महिने सांभाळली जाते. पहिले १२ महिने नियमित दुरुस्त्या, पुढचे १८ महिने फक्त गंभीर चुका आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या. ५.१ आली जून २०२३ मध्ये, म्हणजे डिसेंबर २०२५ ला तिचा विषय संपला. हे आधीच माहीत असल्यानं आम्ही कॅलेंडरमध्ये तारीख टाकतो, आणि तिच्या चार महिने आधी पुढच्या आवृत्तीवर जायचं काम सुरू करतो. एक्स्पायरी छापलेल्या औषधाच्या पाकिटासारखं आहे हे. ती तारीख गैरसोयीची असेल, पण अंदाज बांधत बसावं लागत नाही.

आयडीएफ ४ वरून ५ वर जाताना काय सोसावं लागतं तेही सांगतो. ३२ बिटचा पूर्णांक टूलचेनमध्ये ‘इंट’ ऐवजी ‘लाँग’ झाल्यामुळे प्रिंटच्या शेकडो ओळी एकदम बोंबलतात. फ्रीआरटीओएसची (आयडीएफच्या आतली छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) जुनी नावं बंद, एडीसीचा (व्होल्टेज मोजणारा भाग) ड्रायव्हर नवा, एमबेडटीएलएस (सुरक्षित जोडणीची लायब्ररी) तिसऱ्या पिढीचं. काम कंटाळवाणं, पण सगळं स्थलांतराच्या मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. दुसरा फायदा रोलबॅकचा. मेन्यूकॉन्फिगमध्ये खूण केली की ओटीएनं (दुरून, नेटवरून) गेलेलं नवं फर्मवेअर ‘मी ठीक आहे’ असं सांगेपर्यंत पक्कं होत नाही. त्याआधी रीसेट झालं तर बूटलोडर (चिप सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम) जुन्यावर परत जातो. डोंगरापलीकडच्या विहिरीवर लॅपटॉप घेऊन जायचं की नाही, हे त्या एका खुणेवर ठरतं.

मग झेफिर. हा लिनक्स फाउंडेशनखाली २०१६ पासून आहे. नॉर्डिक या चिप कंपनीनं आपला पुढचा सगळा एसडीके (विकास-संच) याच्यावरच बांधला आणि आर्डुइनोनंही आपले नवे कोअर याच्यावर हलवायला घेतले. एकाच कंपनीच्या मर्जीवर नसलेला, दीर्घकालीन आवृत्त्या काढणारा (शेवटची मी वापरलेली ३.७, जुलै २०२४ ची) असा हा एकमेव पर्याय माझ्या यादीत होता. भविष्यासाठी पैज लावायची तर मी यावर लावीन. आज काम संपवायचं असेल तर हिंमत लागते. ‘वेस्ट अपडेट’ (झेफिरचा कोड उतरवायची आज्ञा) मारलं की कित्येक जीबी उतरतात, एवढ्यात गावाकडच्या नेटवर चहा होऊन, पिऊन, कप धुऊनही होतो. हार्डवेअरचं वर्णन डिव्हाइसट्री नावाच्या फाइलमध्ये करायचं. त्यातला एखादा नोड (एका भागाची नोंद) चालू करायचा राहिला तर कंपायलर तसं सांगत नाही. लिंकर (कोडचे तुकडे जोडणारं साधन) एक लांबलचक क्रमांकाचं नाव सापडत नाही म्हणतो आणि त्या क्रमांकावरून आपण शोधायचं. स्थिरतेचाही एक चेहरा बघा: ३.७ पर्यंत येताना हार्डवेअर मांडणीची पद्धत बदलली आणि बोर्डांची नावं अंडरस्कोअर जाऊन तिरक्या रेघेनं लिहायची झाली. जुन्या ट्यूटोरियलमधली आज्ञा जशीच्या तशी चिकटवली तर बोर्डच सापडत नाही.

तरी त्याचं मोल मला कळलं ते दुसऱ्या चिपवर. फेज तपासणं, ड्राय रनचा (मोटर कोरडी फिरण्याचा) निर्णय, मोटर बंद-चालूची वेळ हा आमचा भाग ईएसपी३२ वरून एसटीएम३२ वर नेताना जवळपास ओळही बदलली नाही. बदलली ती ओव्हरले फाइल, म्हणजे त्या बोर्डाचे हार्डवेअर-तपशील. २०२१ च्या चिप टंचाईत एसटीएम३२एफ१०३ मिळेना आणि बाजारात त्याच्या नावानं भलतेच क्लोन फिरत होते, तो काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना याची किंमत सांगावी लागणार नाही.

मोठं नाव म्हणजे टिकाऊपणा, असं अजून कुणाला वाटत असेल तर दोन उदाहरणं. इंटेलनं गॅलिलिओ आणि एडिसन हे बोर्ड २०१७ मध्ये बंद करायचं जाहीर केलं. एडिसन येऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. आर्मचं एमबेड (छोट्या चिपसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम आणि साधनं) २००९ पासूनचं, ऑनलाइन कंपायलरमुळे कॉलेजांत लोकप्रिय. जुलै २०२४ मध्ये आर्मनं सांगितलं की जुलै २०२६ ला संपवतोय. मात्र दोन वर्षं आधी सांगितलं, हे एमबेडच्या बाजूनं नोंदवायला हवं. उलट मायक्रोसॉफ्टकडे गेलेलं थ्रेडएक्स (छोट्या चिपसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम) २०२३ च्या अखेरीस एक्लिप्स फाउंडेशनला दिलं गेलं आणि खुल्या परवान्यावर जिवंत राहिलं. फ्रीआरटीओएस २०१७ मध्ये ॲमेझॉनकडे गेलं, तेही व्यवस्थित आहे.

पिको आणि मायक्रोपायथनवर (छोट्या चिपवर चालणारं पायथन) मी फार लिहीत नाही. टेस्ट जिगसाठी (तयार डबा तपासायची मांडणी) दोन्ही झकास आहेत, आमच्या असेंब्लीच्या टेबलावर रोज चालतात. उत्पादनात मी टाकलेले नाहीत.

आता व्यवहाराचं. नवीन कल्पना आर्डुइनोवर उभी करतो, कारण ग्राहकाला आठवड्यात काहीतरी चालताना दिसायला हवं. विकायचा माल ईएसपी-आयडीएफवर. निर्णय घेणारा कोड साध्या सी मध्ये वेगळ्या फोल्डरात, त्यात कुठल्याही प्लॅटफॉर्मची हेडर फाइल घ्यायची नाही हा नियम. तो पीसीवरही कंपाइल होतो आणि फेज गेल्याच्या चाचण्या तिथेच चालतात. प्रत्येक विकलेल्या आवृत्तीची पूर्ण टूलचेन डॉकर इमेजमध्ये (सगळी साधनं एकत्र बंद केलेली फाइल) भरून दोन हार्डडिस्कवर ठेवतो, एक ऑफिसात आणि एक घरी.

शिकणाऱ्यांना, विशेषतः डीईएसडी (एम्बेडेड सिस्टीमचा डिप्लोमा) करून नोकरी शोधणाऱ्यांना एवढंच सांगेन की आयडीएफ आधी करा, मग झेफिर. उलट क्रमानं गेलात तर डिव्हाइसट्रीशी झगडताना नेमकं आरटीओएस (वेळ पाळणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) शिकायचं राहून जातं. पुढचा स्टार्टर आम्ही सी६ वर करतोय. त्याची एक झेफिर शाखा बाजूला चालू आहे. तिच्यावर फोरजी मॉड्यूलचा पीपीपी जोड (त्यावरून मिळणारं इंटरनेट) महिनाभर न तुटता राहिला, की इथेच खाली लिहीन.