लिटल रेड वॅगनचं १/२५ स्केल किट जोडलं, कसं आहे ते सांगतो

मामेभाऊ डेट्रॉइटला असतो, तो यावेळी येताना हे प्लास्टिकच्या मॉडेलचं किट घेऊन आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लिटल रेड वॅगन म्हणजे १९६५ ची डॉज ए१००, चपट्या तोंडाचा बिनबोनेटचा छोटा पिकअप. तिकडच्या मंडळींनी त्यात ४२६ हेमी नावाचं इंजिन बसवलं, ७ लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही८, आणि तेही केबिनच्या मागे हौद्यात! बनवला होता ड्रॅग रेससाठी, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या अंतराच्या शर्यतीसाठी, पण सगळं वजन मागे गेलं ना, अॅक्सिलरेटर दाबला की पुढची चाकं थेट हवेत. पब्लिक वेडं झालं, मग रेस राहिली बाजूला आणि बिल 'मॅव्हरिक' गोल्डन हा ट्रक मागच्या दोन चाकांवर पळवून दाखवायला गावोगाव फिरायला लागला.

आता किट. इंजिन म्हणजे या किटचा जीव आहे. हेमीची ती रुंद व्हॉल्व्ह कव्हरं, एकेका बाजूला चार प्लगच्या वायरींची भोकं, सगळं नीट आलंय, मी शिवणाचा काळा दोरा वायरी म्हणून लावला तर एकदम खरं वाटायला लागलं. हे इंजिन स्वतःच्या हाताने हौद्यात बसवताना जे कळतं ते दहा व्हिडिओ बघून कळत नाही, कारण मागचा आक्सल त्याच्या अगदी जवळ येतो आणि पुढे केबिनमध्ये उरतात फक्त सीटं आणि स्टिअरिंग.

आणि ते स्टिअरिंग तरी काय कामाचं, चाकं हवेत असताना! अशा गाड्यांत मागच्या डाव्या-उजव्या चाकाला वेगळे ब्रेक देतात, ज्या बाजूचा दाबाल तिकडे गाडी वळते. समोर आभाळ दिसत असताना हे करायचं, मला तर विचारानेच धडधडतं.

तक्रारी दोनच. पार्टच्या कडांना जादा प्लास्टिक भरपूर, पॉलिश पेपर घेऊन दोन संध्याकाळी गेल्या. दुसरं म्हणजे पाण्यात भिजवून लावायचे ते स्टिकर ठिसूळ, पाण्यात टाकल्यावर दारावरच्या नावाचे दोन तुकडे झाले, ते जुळवताना श्वास रोखून धरला होता. कोमट पाणी घ्या आणि घाई करू नका.

चार चाकांवर ठेवू नका प्लीज, तो अन्याय आहे. मी हौद्याच्या खाली मागच्या टोकाला गळाला लावतात ते शिसं चिकटवलं, तीन गोळ्या लागल्या, तेव्हा ट्रक मागच्या दोन चाकांवर उभा राहिला.

पहिल्यांदाच किट करणाऱ्याला देऊ नका, बाकी सगळ्यांनी जरूर घ्या. मी भावाला सांगून ठेवलंय, पुढच्या वेळी हेमी अंडर ग्लास मिळाली तर आण. ती पण १९६५ चीच, गिअर शिफ्टरवाल्या हर्स्टची प्लिमथ बॅराकुडा, मागच्या मोठ्या काचेखाली हेच हेमी. दोघी शेजारी शेजारी उभ्या ठेवायच्यात, शोकेसचा वरचा कप्पा रिकामा करून ठेवलाय.