चोकची केबल घालावी की कार्बोरेटरवर नॉब बसवावा?

जुनी गाडी सेकंडहँड घेतली की हे बऱ्याचदा होतं, हँडलला चोकचा (थंड इंजिन सुरू करताना जादा पेट्रोल सोडणाऱ्या सोयीचा) लिव्हर असतो पण ओढला तर लुळा, खाली केबलच नाही. माझी २००४ ची पल्सर १५० अशीच आली, आधीच्या मालकाने केबल काढून कार्बोरेटरच्या (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) भोकात रबराचा तुकडा कोंबला होता. लोक म्हणतात कोकणात चोक लागतो कुठे. हर्णैत खरंच फारसा लागत नाही, पण जानेवारीत दापोलीला मुक्काम करून पहाटे गाडी सुरू करून बघा, नाहीतर आषाढात चार दिवस पडवीत उभी राहिल्यावर, मग कळतं. आणि ते भोक तसं ठेवलं तर पाणी-धूळ आत जायची भीती ती वेगळीच.

मी दोन्ही वापरून बघितलंय, आधी दोन पावसाळे केबल आणि आता नॉब.

केबलची सोय मोठी आहे हे मान्यच. रेनकोट घातलेला असला तरी वाकावं लागत नाही, गाडी चालता चालता अंगठ्याने हळूहळू चोक बंद करता येतो. बसवताना टाकी थोडी सैल करून केबल मूळ वाटेनेच खाली न्या, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ताण येत नाही ना बघा. खालच्या टोकाला स्प्रिंग बोटांनी दाबून धरायची आणि केबलची गोळी प्लंजरच्या (वर-खाली होऊन चोकची पेट्रोलची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या दांडीच्या) खाचेत अडकवायची, इथे स्प्रिंग उडते, म्हणून खाली जुनं फडकं पसरून ठेवा. वरचा नट प्लॅस्टिकचा असेल तर पाना अजिबात लावू नका, हातानेच फिरवा, माझा एक असाच तडकला.

आता माझं मत कशामुळे बदललं ते सांगतो. आमचं घर समुद्रापासून दोन मिनिटांवर, खारा वारा सतत अंगावर. दुसऱ्या पावसाळ्यानंतर केबल आतून गंजली, पण वरून काहीच कळत नव्हतं, लिव्हर व्यवस्थित मागे जायचा, मला वाटायचं चोक बंद झाला, आणि खाली प्लंजर अर्धा वर अडकलेला. म्हणजे गाडी सतत जादा पेट्रोल खात होती. आसूदचा चढ चढताना दम टाकायची, पेट्रोलचा वास यायचा, प्लग काढला तर काजळीने काळा कुळकुळीत. मी एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर साफ करून घेतला, महिना गेला यात. कोणी केबलमध्ये खोबरेल सोडायला सांगेल, कृपया नको, थंडीत खोबरेल थिजतं आणि चोक नेमका तेव्हाच लागतो.

नॉबमध्ये हे मधलं सगळं प्रकरणच नाही. प्लंजर थेट नॉबला जोडलेला, बोटाने खाली दाबला की बसला हे हाताला कळतं. आणताना जुना प्लंजर खिशात घालून दुकानात जा, लांबी, टोकाचं रबर आणि नटचे आटे तिन्ही जुळवून घ्या, सगळ्या गाड्यांना चालतो म्हणतात त्यावर विसंबू नका. ओढायला जरा घट्ट असलेला घ्या, ढिला असेल तर खड्ड्यांच्या रस्त्यावर आपोआप वर यायची शक्यता असते. त्रास आहेच, वाकावं लागतं, पावसात बोटं तांबड्या मातीने भरतात, गरम इंजिनाजवळ हात जपून न्यावा लागतो.

तुम्ही चिपळूण-खेडकडे आत राहत असाल, किंवा गाडी वडीलधारं माणूस चालवत असेल तर केबलच घाला, मी त्यात वाद घालणार नाही. फक्त थोडी सैल ठेवा, ताणलेली केबल प्लंजर पूर्ण बसू देत नाही. पण किनाऱ्याला, विशेषतः गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर मला तरी नॉबच बरा वाटतो.

काहीही बसवलंत तरी इंजिन चांगलं तापल्यावर एकदा चोक ओढून बघा. गाडी गुदमरायला पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर चोक आधीपासूनच उघडा असू शकतो किंवा त्याची पेट्रोलची वाट तुंबलेली असेल, मग प्लंजर बाहेर काढून टोकाचं रबर झिजलंय का ते आधी बघा.