गोल बाल्कनीच्या खिडकीला पडदे: दसऱ्यापासून पावसाळा संपेपर्यंतचा अनुभव

आमची इमारत शिवाजी पार्कातली, जुनी. त्या काळच्या फॅशनप्रमाणे हॉलची बाल्कनी अर्धगोल, पुढे कधीतरी ती बंद करून पाच काचांची खिडकी झालेली. ओव्हल मैदानासमोरच्या त्याच गोलाईदार, म्हणजे आर्ट डेको शैलीच्या इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारशाचा मान मिळाला, आमच्या वाट्याला पश्चिमेचं ऊन आलं. दुपारी तीननंतर सोफ्यावर बसवत नाही, तेव्हा पडदे शोभेसाठी घेतलेले नाहीत.

दुकानात आधी प्रत्येक काचेला वेगळा रोलर ब्लाइंड, म्हणजे साखळी ओढून वर गुंडाळायचा सपाट पडदा, सुचवला. दिसतो छान. पण गोलाईत आतल्या बाजूने शेजारचे दोन ब्लाइंड एकमेकांना अडतात. अडू नयेत म्हणून ते अरुंद करायचे, की मधल्या फटींतून ऊन सरळ आत. शेजारच्यांकडे असेच आहेत. संध्याकाळी लादीवर उन्हाचे चार पट्टे. शिवाय पाच साखळ्या ओढा.

आम्ही छताला लागणारा, वाकवता येणारा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रॅक घेतला आणि हुकांवरचे चुण्यांचे पडदे. घरात आयलेटचा, म्हणजे कापडातच बसवलेल्या कड्या दांडीत ओवायच्या पडद्यांचा, हट्ट होता. पण गोल दांडीला मध्ये मध्ये ब्रॅकेटचा आधार द्यावाच लागतो, आणि आयलेटची कडी नेमकी तिथे अडते. ट्रॅकमधला रनर, म्हणजे ज्यात हुक अडकतो तो सरकता तुकडा, आतल्या खाचेतून धावतो, त्याला वरच्या स्क्रूंशी देणंघेणं नाही.

पैसे कापडावर वाचवा, ट्रॅक वाकवणाऱ्यावर नको. आमच्या कारागिराने आधी ब्राउन पेपरवर छताची गोलाई उतरवून घेतली, कागद लादीवर अंथरला आणि ट्रॅक त्या रेघेवर ठेवत, गुडघ्याने थोडाथोडा दाबत वाकवला. एकाच जागी जोर दिला तर खाच चेपते आणि रनर तिथे जन्मभर अडखळतो. गोलाईत जोड एकही ठेवला नाही. मापाचा टेपही सरळ न धरता गोलाईवरून फिरवायचा: पूर्ण अर्धवर्तुळ असेल तर लांबी सरळ रुंदीच्या दीडपटीहून जास्त भरते. चुण्यांसाठी त्या लांबीच्या निदान दुप्पट कापड.

कापड जाड कॉटन, शिवण्याआधी धुऊन आटवलेलं. ब्लॅकआउटचा, म्हणजे उजेड पूर्ण अडवणाऱ्या कापडाचा, नमुना लावून पाहिला, पण तो इतका ताठ की वळणावर चुण्या फाकत होत्या. त्याऐवजी साधं फिकं अस्तर वेगळ्या हुकांवर लावलं, शिवून टाकलं नाही. याचा फायदा जुलैत कळला. दमट हवेत अस्तराला कुबट वास आला की तेवढंच काढून धुता येतं. खारी हवा मात्र सुटली नाही. पडद्यासोबत आलेल्या लोखंडी हुकांनी कापडावर तपकिरी डाग पाडले, ते गेले नाहीत. आता प्लास्टिकचे हुक आहेत. रनर जड चालायला लागले तर तेल घालू नका, धूळ धरते. सिलिकॉन स्प्रेने काम होतं.

ऊन? सोफ्यावर आता चारलाही बसता येतं. पंखा लागतोच.

ओढायची दोरी घेतली नाही, गोलाईत ती घासते म्हणे. टोकाला पारदर्शक काठी आहे, सासूबाईंनाही जमते, आणि घरातला सर्वात लहान सदस्य ती तलवार म्हणून पळवतो. मोटरवाल्या ट्रॅकचीही चौकशी केली होती. भाव ऐकला, दुकानदाराचा चहा घेतला आणि घरी आलो.