रिआल्तोचा बाजार: व्हेनिसमधील तीन तासांच्या फेरीचा अभिप्राय

जळगावजवळच्या आसोद्यात आमच्या घरी तीन पिढ्यांपासून भरताच्या वांग्यांचे पीक आणि भाजीचा व्यापार आहे, त्यामुळे कोणत्याही गावी गेलो तरी माझे पाय आधी बाजाराकडे वळतात. एप्रिलच्या अखेरीस पत्नीसह व्हेनिसला गेलो, तेव्हा रिआल्तोचा बाजार आणि त्याच्या आसपासच्या खाण्याच्या जागा दाखवणाऱ्या एका स्थानिक बाईंची तीन तासांची फेरी आम्ही जळगावहूनच नोंदवली होती.

सकाळी सांता सोफियाच्या घाटावर भेटून बाईंनी आम्हाला रिआल्तोच्या पुलाकडे न नेता ‘त्रागेत्तो’त, म्हणजे दोन नावाडी वल्हवतात त्या साध्या गोंडोलात, उभे केले. माणशी दोन युरोत मोठा कालवा ओलांडता येतो आणि समोर थेट बाजार येतो. सहलीची गोंडोला घेण्यापेक्षा ही नाव मला जास्त आवडली, कारण तीत आमच्याबरोबर भाजीच्या पिशव्या घेतलेले गावकरी उभे होते.

मासळी बाजाराची कमानींची इमारत 1907 सालची असून तिच्या खांबांच्या माथ्यावर मासे आणि खेकडे कोरलेले आहेत. कोणता मासा किती लांबीचा झाल्याखेरीज विकू नये, हे सांगणारी एक जुनी संगमरवरी पाटीही तिथे आहे. लहान जीव वाढू द्यावा, ही शिस्त बाजारातच दगडावर कोरून ठेवावी, हे मला फार मोलाचे वाटले.

खरे रमलो ते भाजीच्या बाजारात. एक विक्रेता आर्टिचोक या भाजीची काटेरी बोंडे सुरीने झरझर सोलून त्यांचे पांढरे तळ लिंबाच्या पाण्यात सोडत होता आणि बाईंनी आम्हाला घाई न करता तिथे पाव तास उभे राहू दिले. व्हेनिसजवळच्या सांत एराझ्मो बेटावर आर्टिचोकच्या झाडाचे शेंड्याचे पहिले बोंड वसंतात आधी खुडतात, म्हणजे बाजूच्या बोंडांना जोर मिळतो. त्या कोवळ्या बोंडांना ‘कास्त्राउरे’ म्हणतात. कपाशीचा शेंडा खुडणाऱ्या खान्देशी शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. काही टोपल्यांवर ‘नोस्त्रानो’ असे लिहिलेले होते, त्याचा अर्थ आपल्याकडचे ‘गावरान’. मात्र वांगे बोटाने दाबून पाहण्याची आपली सवय तिथे आवरावी लागते, कारण मालाला हात लावलेला विक्रेत्यांना खपत नाही.

त्यानंतर ‘बाकारी’, म्हणजे उभ्याने खाण्याच्या छोट्या जागा. तिथे ‘चिक्केत्ती’ नावाचे घासभर पदार्थ मिळतात. ‘सार्दे इन साओर’मध्ये तळलेल्या तारल्यांवर व्हिनेगरात शिजवलेला कांदा, बेदाणे आणि चिलगोजे घालून ते मुरू देतात, खलाशांना समुद्रावर टिकणारे अन्न हवे होते, त्यातून ही आंबटगोड चव आली. ‘बाकाला मान्तेकातो’ म्हणजे वाळवलेला कॉड मासा भिजवून, उकडून, तेलात घोटलेला लगदा. 1432 साली जहाज फुटून नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर पोहोचलेल्या पिएत्रो क्वेरिनी या व्यापाऱ्याने हा मासा व्हेनिसला आणला, असे सांगतात. नंदुरबारकडच्या आठवडे बाजारात समुद्रापासून इतक्या लांब सुकट विकली जाते, तिची मला त्या क्षणी आठवण झाली. खाली मक्याच्या पिठाच्या ‘पोलेंता’ची भाजलेली वडी होती, ती खाताना आमच्या तिखटाची उणीव भासली, पण माशाची चव झाकली जात नाही, हेही पटले.

तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. माझी पत्नी पूर्ण शाकाहारी असल्याचे आम्ही नोंदणी करतानाच कळवले होते, तरी ते बाईंपर्यंत पोहोचलेच नव्हते. पहिल्या दोन ठिकाणी पत्नीला पोलेंता आणि चीजवर भागवावे लागले. तिसऱ्या ठिकाणी बाईंनी स्वतः आत जाऊन आर्टिचोकचे तळ लसूण घालून करवून आणले आणि ते पत्नीने आवडीने खाल्ले. उकडलेल्या अंड्यावर किंवा भाजीच्या फोडीवर खारवलेला मासा असू शकतो, म्हणून शाकाहारी माणसाने प्रत्येक वेळी विचारूनच घास घ्यावा.

मासळी बाजार रविवारी आणि सोमवारी बंद असतो आणि दुपारपर्यंत सारेच आवरते, तेव्हा मंगळवार ते शनिवारमधली सकाळच निवडावी. कमानींखाली काही जागा रिकाम्या दिसल्या. या शहराच्या जुन्या बेटांवरची लोकवस्ती 2022 साली 50,000 च्या खाली गेली आहे, आणि रोज भाजी घेणारी घरे कमी झाली की गाळा कसा बंद पडतो, हे व्यापाऱ्याला आकड्यांशिवायही कळते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेच पुन्हा तिथे गेलो, गावरान मटारच्या शेंगा घेतल्या आणि सेंट मार्कच्या सणाला तिथे करतात तो ‘रिझी ए बिझी’ हा मटारभात मुक्कामाच्या खोलीतल्या चुलीवर शिजवला.