नळी त्याची, मापही त्याचंच

रायफलची वापरलेली नळी नवी म्हणून गळ्यात मारली, एवढंच झालं असतं तर लिहायला बसलो नसतो. पैसे जातात, माणूस चार दिवस चरफडतो आणि विसरतो. पण विकणाऱ्या गृहस्थाने नळीसोबत ती बसवायचं मापही दिलं, आणि ते माप खोटं होतं.

माझी रायफल सॅव्हेज ११० च्या बांधणीची, .३०८ विंचेस्टर काडतुसाची. यात नळी रिसीव्हरच्या, म्हणजे रायफलीच्या मधल्या मुख्य चौकटीच्या, आट्यांवर फिरते आणि बॅरल नटाने जागच्या जागी आवळली जाते, म्हणून ती घरी बदलणारे बरेच आहेत. रेमिंग्टन ७०० च्या बांधणीत नळीला खांदा असतो, तिथे सहसा लेथवाला कारागीरच लागतो. जाहिरातीत होतं, 'न वापरलेली नळी, सोबत गो गेज फुकट'. फोटोत बाहेरचा काळा रंग चकचकीत, तोंडाची कड रेखीव. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या, बाजूने आतला फोटो मागितला, तर उत्तर आलं, "साहेब, ग्रीस भरून पॅक केलीय, उघडली तर गंज धरेल." हे मला तेव्हा पटलं. कसं काय पटलं, देव जाणे.

गो गेज म्हणजे काडतुसाच्या आकाराची पोलादी गुल्ली. बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा; त्यातला स्ट्रायकर (काडतुसावर टोला मारणारी सुई) आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढायचा, गेज आत ठेवून बोल्ट बंद करायचा, नळी गेजला टेकेपर्यंत फिरवायची आणि नट आवळायचा. मग नो-गो गेज घालून पाहायचं, त्यावर बोल्ट बंद होता कामा नये; झाला तर काडतूस आत सैल बसतंय. नो-गो माझ्याकडे नव्हतं. विक्रेता म्हणाला, "गो वर बोल्ट बसला की झालं. बाकीचे सगळे दुकानदारांचे चोचले." .३०८ चं गो १.६३० इंचाचं आणि नो-गो १.६३४ चं. इंचाला वीस आटे धरले तर हा फरक म्हणजे घड्याळाचा तासकाटा बारावरून एकवर जावा, नळी तेवढीच फिरते. नुसत्या नजरेला ते कळत नाही.

रेंजवर तीन बार काढले. तिसऱ्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी उचलली तर बुडाच्या जरा वर सभोवती उजळ कडं. नखाला काहीच लागेना. पेपरक्लिप सरळ करून टोकाला बारीक आकडा केला आणि पुंगळीच्या आतून भिंतीवर खालीवर फिरवला. बाहेर जिथे कडं होतं, बरोबर तिथेच आत टोक अडलं. पितळ ताणून आतून पातळ झालं होतं. पुंगळी तिथे तुटली की दर चौरस इंचाला सुमारे ६०,००० पौंड दाबाचा वायू मागे वाट शोधतो, आणि मागे आपलं तोंड असतं. चौथं काडतूस खिशातच राहिलं.

ओळखीच्या कारागिराने स्वतःचं नो-गो घातलं. बोल्ट जराही न अडता बंद झाला. वापरातल्या रायफलीची शेवटची मर्यादा दाखवणाऱ्या १.६३८ च्या फील्ड गेजवरही तो बंद झाला. मग त्याने माझं 'गो' मोजलं, ते १.६४५ च्या वर भरलं. हे लष्करी ७.६२ रायफली बाद ठरवायच्या मर्यादेचं गेज. भिंगाखाली धरलं तर हाताने कोरलेल्या 'गो' शब्दाखाली घासून काढलेल्या जुन्या अक्षरांच्या रेघा दिसत होत्या. नळी पाव फेऱ्याहून जास्त बाहेर राहिली होती, म्हणून काडतूस सैल बसून पितळ ताणलं जात होतं.

नळीत बोअरस्कोप, म्हणजे आतून पाहायचा बारीक कॅमेरा, घातला. चेंबरच्या पुढची जागा आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारखी भेगाळलेली, रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांच्या, कडा सुरुवातीलाच झिजून गेलेल्या. शेकडो, कदाचित हजारो बार झालेले. 'न वापरलेली' म्हणे!

नळी वापरलेली असेल तर असो, वापरलेल्या नळ्याही चांगल्या निघतात. फक्त चेंबरपुढचा बोअरस्कोपचा फोटो आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि गेज, गो आणि नो-गो दोन्ही, ज्याच्याकडून नळी घेताय त्याच्याकडून घेऊ नका, फुकट देत असला तरी. देशोदेशीचे नियमही वेगळे: अमेरिकेत रिसीव्हरलाच बंदूक मानतात, युरोपीय संघात नळीही मुख्य भाग गणली जाते, भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या 'शस्त्रे' या शब्दात सुटे भागही येतात. "साधी नळी आहे, कागद कशाला" असं मलाही ऐकवलं होतं. मी तिथेच उठायला हवं होतं.

पैसे परत मागितले तर आधी "तुम्ही बसवताना चूक केली", मग फोन बंद. परवा त्याची नवी जाहिरात दिसली. फोटो तोच, कडेवरच्या प्रकाशाच्या ठिपक्यासकट. माझ्या नळीच्या तोंडाला एक बारीक खोच आहे, फोटोत ती नाही. म्हणजे तो फोटो माझ्या नळीचा कधी नव्हताच.