ॲनेक्स दाखवून स्टँप ड्यूटी परत मिळवून देणाऱ्यांपासून सावध राहा

इंग्लंडमध्ये घर घेतल्यावर काही महिन्यांनी अनेकांना एक पत्र किंवा फोन येतो. तुम्ही स्टँप ड्यूटी जास्त भरली आहे, ती आम्ही परत मिळवून देतो, आणि काम झाले नाही तर एक छदामही घेणार नाही, असा त्याचा मजकूर असतो. आम्हालाही तो आला, एचएमआरसीकडून म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडून पैसेही आले आणि नंतर ते सगळे व्याजासह परत करावे लागले. मधल्या मधे हा दावा करून देणाऱ्या एजंट कंपनीने आपला हिस्सा काढून घेतला होता, तो मात्र परत मिळाला नाही. आईवडिलांच्या सोयीसाठी ॲनेक्स, म्हणजे मुख्य घराला जोडलेला वेगळा राहता भाग, असलेले घर घेणारी मराठी कुटुंबे इथे पुष्कळ आहेत, म्हणून हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

आम्ही 2023 च्या वसंतात आठ लाख पौंडांना घर घेतले. सासूसासरे नाशिकहून दर वर्षी काही महिने येऊन राहतात, सासऱ्यांना जिना चढवत नाही, आणि या घराला तळमजल्यावर एक खोली व स्वतंत्र न्हाणीघर जोडलेले होते. विक्रीच्या माहितीपत्रकात त्याला ॲनेक्स म्हटले होते. तिथे एका कोपऱ्यात छोटे सिंक आणि किटली ठेवण्यापुरता ओटा आहे, पण शेगडी नाही आणि ती बसवण्यासाठी सोयही नाही. मुख्य स्वयंपाकघर आणि ॲनेक्स यांच्यामध्ये धुरकट काचेचे एक दार आहे. त्याला कुलूप नाही, कडीही नाही, नुसते ढकलले की उघडते. घरातले एकुलते एक वॉशिंग मशीन ॲनेक्सच्या बाजूला असल्यामुळे कपडे धुवायला प्रत्येकाला त्या दारातूनच जावे लागते. काउन्सिल टॅक्सचे, म्हणजे स्थानिक घरपट्टीचे, बिल एकच येते आणि विजेचे मीटरही एकच आहे. हे तपशील क्षुल्लक वाटतील, पण पुढे सगळे प्रकरण याच गोष्टींवर ठरले.

त्या वेळी कायद्यात एक सवलत खरोखरच होती. एकाच व्यवहारात दोन किंवा अधिक राहती घरे घेतली, तर एकूण किंमत घरांच्या संख्येने भागून सरासरीवर कर काढायचा आणि तो पुन्हा त्या संख्येने गुणायचा, अशी ही पद्धत 2011 पासून लागू होती. आमच्या किमतीवर नेहमीच्या दराने 27,500 पौंड कर बसला होता. तीच मालमत्ता दोन घरे म्हणून धरली, तर चार लाखांवर 7,500 याप्रमाणे दोन घरांचे 15,000 होतात. म्हणजे फरक साडेबारा हजार पौंडांचा. सवलत खरी आणि आकडेमोडही खरी, त्यामुळे सांगणाऱ्याचे बोलणे पटत जाते. खोटे असते ते एवढेच की तुमचे ॲनेक्स कायद्याच्या दृष्टीने वेगळे घर आहे.

कंपनीचा पहिला फोन इंग्रजीत आला होता. आम्ही दाद दिली नाही, तेव्हा काही दिवसांनी ओळखीच्या ओळखीतून एका मराठी गृहस्थांचा फोन आला. "वहिनी, हे सरकारकडे पडून राहिलेले तुमचेच पैसे आहेत, मुदत संपत आली आहे," असे ते अगदी आपुलकीने म्हणाले. प्रत्येक गिऱ्हाइकामागे त्यांना कमिशन मिळत होते, हे पुढे कळले. घर कितीला घेतले हे कंपनीला आधीच ठाऊक होते. त्यात जादू काहीच नाही, कारण इंग्लंडमधल्या घरांच्या विक्रीच्या किमती लँड रजिस्ट्री जाहीर करते आणि जुन्या जाहिराती व नकाशे इंटरनेटवर राहतात. ज्या जाहिरातीत ॲनेक्स हा शब्द दिसेल, तिथे पत्र पाठवायचे, एवढाच त्यांचा उद्योग.

घर घेताना आमच्या सॉलिसिटरने, म्हणजे खरेदीचे काम पाहणाऱ्या वकिलाने, ही सवलत लागू होणार नाही असे सांगितले होते. तेही आम्ही एजंटच्या कानावर घातले, आणि दाराला कुलूप नाही, स्वयंपाकाची सोय नाही, हे ईमेलने लेखी कळवले. त्यांचे उत्तर असे की सॉलिसिटर खरेदीखताचे काम करतात, करातले बारकावे त्यांना कळत नाहीत, आणि कुलूप काय, उद्याही बसवता येईल. हे उत्तर धादांत चुकीचे होते, कारण मालमत्ता व्यवहार पूर्ण झाला त्या दिवशी कशी होती एवढेच कायदा पाहतो. नंतर बसवलेल्या कुलपाला काडीची किंमत नाही. घर बघायला त्यांच्याकडून कोणीही आले नाही.

त्यांच्या करारातली एक मेख प्रत्येकाने समजून घेतली पाहिजे. परताव्याच्या 30 टक्के आणि त्यावर व्हॅट एवढे शुल्क होते, आणि ते परतावा जमा होताच द्यायचे होते. दावा शेवटी मान्य होण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. परतावाही आधी त्यांच्या खात्यात जाईल, असे अधिकारपत्र त्यांनी घेतले होते. परताव्याचा दावा म्हणजे आधी भरलेल्या करविवरणात दुरुस्ती. एचएमआरसीची पद्धत अशी आहे की अशी दुरुस्ती आली की बहुतेक वेळा पैसे आधी परत केले जातात आणि तपासणी नंतर होते. दुरुस्ती दाखल झाल्यापासून नऊ महिन्यांच्या आत कर खाते चौकशी सुरू करू शकते. म्हणजे पैसे आले याचा अर्थ दावा मान्य झाला असा होत नाही. एजंट मात्र तसे भासवतो, कारण त्याचे उत्पन्न याच मधल्या काळावर चालते. आमचे साडेबारा हजार 2024 च्या सुरुवातीला आले, त्यातले साडेचार हजार कंपनीने ठेवले आणि आठ हजार आम्हाला पाठवले.

त्याच वर्षी उन्हाळ्यात चौकशीचे पत्र आले. मधल्या दाराचे फोटो, नकाशा, काउन्सिल टॅक्सची बिले, स्वयंपाकाच्या सोयीचे वर्णन, असे सगळे मागितले होते. आमच्या नावाने सादर झालेला दावा आम्ही प्रथम तेव्हा पाहिला. त्यात "कुलूपबंद करता येणारे दार" आणि "स्वयंपूर्ण स्वयंपाकघर" असे स्पष्ट लिहिले होते. आम्ही लेखी कळवलेल्या माहितीच्या नेमके उलटे लिहून त्यांनी ते खात्याला दिले होते. वाचून अंगाचा तिळपापड झाला.

कायदा याबाबत मोघम मुळीच नाही. फियांडर आणि ब्राउअर यांच्या प्रकरणात अपर ट्रायब्युनलने, म्हणजे करविषयक अपिले ऐकणाऱ्या वरच्या न्यायाधिकरणाने, 2021 मध्येच सांगितले होते की स्वतंत्र घर म्हणण्यासाठी त्या जागेत झोपणे, खाणे, आंघोळ या रोजच्या गरजा भागल्या पाहिजेत, आणि तिथे राहणाऱ्याला पुरेशी खासगीपणाची व सुरक्षिततेची हमी असली पाहिजे. त्या प्रकरणात घर आणि ॲनेक्स जोडणाऱ्या बोळात दार नव्हते, आणि खरेदीदार हरले. आमचा दावा त्यानंतर दोनेक वर्षांनी दाखल झाला, तेव्हा हा निकाल या धंद्यातल्या माणसाला माहीत नव्हता हे संभवतच नाही. शिवाय ॲनेक्स खरोखर दुसरे घर ठरले असते, तर त्या वेळच्या नियमाने पूर्ण किमतीवर तीन टक्के जादा कराचा, म्हणजे आमच्या बाबतीत 24,000 पौंडांचा, प्रश्न उभा राहिला असता. ॲनेक्सची किंमत एकूण किमतीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही, हे दाखवता आले तरच तो सुटतो. कंपनीने याचा अवाक्षरानेही उल्लेख केला नव्हता.

कंपनीने एक-दोन ईमेलना उत्तर दिले, चौकशीत बाजू मांडण्यासाठी वेगळे शुल्क मागितले, आणि मग फोन बंद झाला. कंपनीज हाउसच्या, म्हणजे कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, नोंदीत ती विसर्जित होण्याच्या मार्गावर दिसली. ब्रिटनमध्ये स्वतःला करसल्लागार म्हणवून घ्यायला कोणत्याही व्यावसायिक संस्थेचे सदस्य असावे लागत नाही. ही मंडळी तशा कोणत्याच संस्थेची सदस्य नव्हती, त्यामुळे शिस्तभंगाची तक्रार करायलाही जागा नव्हती. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्स या ग्राहकसंरक्षण यंत्रणेकडे आणि एचएमआरसीकडे आम्ही माहिती दिली आहे. मराठी गृहस्थांनी मात्र आपण फक्त ओळख करून दिली, असे सांगून हात झटकले.

विवरण एजंटने भरले तरी जबाबदारी खरेदीदाराची, हा एचएमआरसीचा नियम आहे. त्यामुळे आठ हजारच हातात आलेले असताना साडेबारा हजार आणि वर व्याज भरायचे होते. ते हप्त्यांनी फेडण्याची मुभा मिळाली. निष्काळजीपणाबद्दल थकीत कराच्या 30 टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो, आणि तसा प्रस्तावही आला होता. तो मागे घेतला गेला तो केवळ आम्ही एजंटला पाठवलेल्या ईमेलमुळे, कारण खरी माहिती आम्ही दिली होती हे त्यातून सिद्ध झाले. म्हणून कोणाशीही असे काम चालू असेल, तर फोनवरच्या बोलण्यावर थांबू नका. घराचे खरे वर्णन लेखी कळवा, आणि खात्याकडे जाणाऱ्या मजकुराची प्रत जाण्याआधी मागून घ्या. ती देत नसतील तर तिथेच सही थांबवा.

ही सवलत 1 जून 2024 पासून रद्द झाली आहे. 6 मार्च 2024 पर्यंत करार झालेल्या व्यवहारांसाठी तेवढा अपवाद ठेवला आहे. पण धंदा बंद झालेला नाही. आता पत्रांमध्ये ॲनेक्सऐवजी दुरुस्तीची भाषा असते: घराचे छत गळत होते, वायरिंग जुने होते, म्हणून ते राहण्यायोग्य नव्हते आणि कमी दराने कर लागायला हवा होता. मुदन यांच्या प्रकरणात कोर्ट ऑफ अपीलने 2025 मध्ये हा युक्तिवाद फेटाळला आहे. असे पत्र आले तर आधी आपल्या खरेदीच्या सॉलिसिटरला किंवा व्यावसायिक संस्थेचे सदस्य असलेल्या करसल्लागाराला, ठरावीक फी देऊन, दाखवा. परताव्यात ज्याचा हिस्सा आहे, त्याचे मत त्या कामी धरू नका.